बिनतारी कार्ड आणि यंत्राची मालकी



लिनक्सच्या संगणकात वाय-फायचे कार्ड कसे चालू करावे, हा विषय पत्रिकेवर पाहून काहींना वाटले असेल की, कामगार चळवळीतल्या माणसाचे येथे काय काम? उत्तर साधे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या संगणकांवर रीतसर बसत नाही. यंत्र धडधाकट, पण प्रणाली म्हातारी, म्हणून ते भंगारात घालावे काय? युनियनच्या कचेऱ्या, वाचनालये, लहान शाळा यांना ते परवडत नाही. अशा यंत्रावर लिनक्स घालता येते, आणि ते विनामूल्य मिळते. बहुतेक ठिकाणी सगळे आपोआप चालते. काही ठिकाणी मात्र पडदा उजळतो, अक्षरे उमटतात, आणि वाय-फाय लागत नाही. तेथे माणूस हात टेकतो. त्याने हात टेकू नयेत, एवढ्यासाठी आजचे हे चार शब्द.

प्रथम तीन नावे समजून घेऊ. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो कारखान्याचा व्यवस्थापक समजा. कार्ड हा परमुलखातून आलेला कारागीर. दोघांची भाषा वेगळी. म्हणून मध्ये दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. पण पुष्कळ कार्डे अशी असतात की, रोज कामावर येताना ती आपले काम विसरून येतात. संगणक सुरू झाला की ड्रायव्हरने त्यांच्या हाती कामाची चोपडी द्यावी लागते. ती चोपडी म्हणजे फर्मवेअर. दुभाष्या हजर असून चोपडी नसेल, तरी कार्ड मुकेच राहते.

आता रोग ओळखू. आम्ही वाटाघाटीला बसण्यापूर्वी समोर कोण बसणार हे विचारून घेतो; येथेही तसेच करावे. वेष्टनावरच्या नावावर विसंबू नये, कारण एकाच नावाच्या मालात आत निरनिराळ्या चिपा निघतात. 'एलएसपीसीआय -एनएनके' हा हुकूम द्यावा. त्यात कार्ड बनवणाऱ्याचा क्रमांक दिसतो, नगाचा क्रमांक दिसतो, आणि कोणता ड्रायव्हर कामाला लागला आहे तेही दिसते. बनवणाऱ्याचा क्रमांक १४ई४ असेल तर कार्ड ब्रॉडकॉमचे. बाहेरून यूएसबीत खोचलेले कार्ड असेल तर 'एलएसयूएसबी' म्हणावे. मग 'आरएफकिल लिस्ट' या हुकुमाने रेडिओच बंद करून ठेवलेला नाही ना, हे पाहावे. कित्येकदा दुखणे एका बटणाचे असते. शेवटी 'डीमेसेज' म्हणून कर्नलची रोजनिशी वाचावी. चोपडी सापडली नाही, तर तसे तेथे स्पष्ट लिहिलेले असते.

उपाय करताना एक पेच पडतो. वाय-फायसाठी फर्मवेअर हवे, आणि फर्मवेअर आणायला जाळे हवे! अशा वेळी तार जोडावी, किंवा मोबाइल फोन यूएसबीच्या वायरने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे. मग डेबियनवर जुन्या ब्रॉडकॉम कार्डांसाठी 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' हे पॅकेज घालावे. काही नगांना कंपनीचा स्वतःचा बंद ड्रायव्हर 'डब्ल्यूएल' लागतो. तो घातल्यावरही चालला नाही, तर 'सिक्युअर बूट' चालू आहे काय ते पाहावे. सही नसलेल्या ड्रायव्हरला ते दारातच अडवते.

एवढा खटाटोप का पडावा? या प्रश्नापाशी आमचा खरा विषय सुरू होतो. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने कर्नल लिहावयास घेतला, आणि जगभरच्या माणसांनी त्यात आपापला हात लावला. कार्ड कसे बोलते, हे मात्र ते बनवणाराच जाणतो. ब्रॉडकॉमने आपल्या जुन्या कार्डांची ती माहिती खुली केली नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी दोन तुकड्या केल्या. एकीने कंपनीचा ड्रायव्हर तपासून कार्डाच्या वागणुकीचे वर्णन लिहिले. दुसरीने तो ड्रायव्हर डोळ्यांनीही पाहिला नाही. केवळ वर्णनावरून नवा लिहिला. नकलेचा आरोप येऊ नये म्हणून ही शिस्त! २००६ साली तो ड्रायव्हर लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला. २०१० साली कंपनीनेही आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. फर्मवेअर मात्र बंदच राहिले.

मग तत्त्व की गरज, हा प्रश्न आला. डेबियनच्या मंडळींनी खुलेपणाचे तत्त्व जपण्यासाठी बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत प्रतीबाहेर ठेवले होते. पण नवशिक्या माणसाचे वाय-फायच लागेना, तर ते तत्त्व त्याच्या घरी पोचावे कसे? २०२२ साली त्यांनी सभासदांचे मत घेतले, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर प्रतीत घेतले. कोणी याला शरणागती म्हणेल. आम्ही म्हणत नाही. त्यांनी त्या मालाचा कप्पा वेगळा ठेवला आणि त्यावर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' अशी पाटी लावली. आमच्या चळवळीने आम्हाला हेच शिकवले आहे. मागणी पुरी पदरात पडली नाही तरी करार करावा, कारण घरी चूल पेटायची असते. पण कराराला विजय म्हणू नये. राहिलेली मागणी कागदावर राहिली, तरच पुढच्या वर्षी ती मागता येते.

श्रोतेहो, ज्या यंत्राचे दाम आपण मोजले, ते कसे चालते हे विचारण्याचा हक्क आपला आहे. तो हक्क भाषणाने मिळत नाही; हुकूम लिहून, रोजनिशी वाचून, आणि जे कळले ते शेजाऱ्याला सांगून मिळतो. तुमच्या घरच्या माळ्यावर एखादा जुना संगणक धूळ खात असेल. तो खाली काढा, आणि आधी त्याच्या कार्डाचा क्रमांक विचारा.