शितावरून खिचडीची परीक्षा

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत लेथवर उभा असलेला कारागीर जी बोटाच्या पेराएवढी ‘कार्बाइड टिप’ धार गेली की फिरवून पुन्हा लावतो, ती दिसायला एकजिनसी असली तरी वस्तुतः संमिश्र असते: टंगस्टन कार्बाइडचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे कठीण कण आणि त्यांना सांधून धरणारा मऊ कोबाल्ट यांचा तो संसार होय. कणांनी पोलाद कापावे आणि कोबाल्टने आघात सोसावा, अशी त्यातली वाटणी.

अशा पदार्थाचा कस लावावा कसा? ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली घालून दिलेल्या रीतीत १० मिलिमीटर व्यासाचा गोळा ३,००० किलोच्या भाराने पोलादावर दाबून खळगा मोजतात. तेथे शितावरून भाताची परीक्षा होते. कार्बाइडवर मात्र हिऱ्याचा चौकोनी मनोरा ३० किलोच्या भाराने टेकवावा लागतो. उमटणाऱ्या चौकोनाचा कर्ण जेमतेम ०.१९ मिलिमीटर भरतो, आणि भार पुरेसा असला तर त्याच्या कोपऱ्यांतून केसासारख्या भेगा फुटतात. त्यांची लांबी मोजून चिवटपणा ताडतात. मला स्वतःला कठिणतेच्या आकड्यापेक्षा या भेगाच अधिक बोलक्या वाटतात.

तथापि एवढ्याशा ठशाखालीही हजारो कण आणि कोबाल्ट एकत्रच चिरडले जातात. ही खिचडी, एका शिताने डाळीचा पत्ता कसा लागावा? दोघांची जबानी स्वतंत्रपणे घ्यायची, तर भार ग्रॅमच्या अंशापर्यंत उतरवावा लागतो. तेव्हा ठसा साध्या सूक्ष्मदर्शकातून मोजण्याजोगा राहत नाही. म्हणून टोक आत जाताना आणि बाहेर येताना भार व खोली यांची अखंड नोंद ठेवून, १९९२ साली ऑलिव्हर आणि फार या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीने, परतीच्या रेषेच्या चढावरून कठिणता व ताठपणा काढतात.

पण सबूर. २००४ साली अमेरिकन संशोधकांनी निकेलचे सूक्ष्म खांब कोरून दाबून पाहिले, तो खांब जितका बारीक तितका धातू बळकट निघाला! सूक्ष्म नमुन्याचा आकडा जसाच्या तसा मोठ्या वस्तूस लावणे म्हणूनच गैर आहे.

तपासलेला नमुना किती सूक्ष्म होता, हे भारावरूनच कळते; तेव्हा कारखानदारांना एकच विनंती: प्रयोगशाळेचा दाखला हाती आला की कठिणतेच्या आकड्याशेजारी भार नमूद आहे की नाही, ते आधी पाहावे, नसेल तर दाखला सरळ परत पाठवावा.