फी किती घेणार?

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडचं आजोबांच्या वेळचं घर विकायचं ठरलं, की पहिला प्रश्न हाच. एजंटला टक्केवारी मोजताना कोणी हूं की चूं करत नाही. मूल्यांककाच्या फीवर मात्र घासाघीस!

नोंदणीकृत मूल्यांककाच्या फीचं कोष्टक संपत्ती कराच्या नियमांत आहे. पहिल्या ५ लाखांवर अर्धा टक्का, पुढच्या १० लाखांवर ०.२, त्यापुढच्या ४० लाखांवर ०.१ आणि उरलेल्यावर ०.०५ टक्के. १ कोटीच्या घराला झाले १०,७५० रुपये. हा कर २०१५ च्या अर्थसंकल्पात उठला, फी आता बोलूनच ठरते. तरी कोष्टक हाताशी असू द्या.

पण मंडळी, आजची किंमत गिऱ्हाईक सांगतंच. तुम्हाला हवी १ एप्रिल २००१ ची. त्याआधीपासूनचं घर असेल, तर भांडवली नफा काढताना ती किंमत खरेदीची म्हणून धरता येते. ती ८ लाख निघाली, तर कोष्टकाप्रमाणे फी ३,१०० रुपये. आणि अंदाजपंचे १ लाखाने कमी धरलीत, तर साडेबारा टक्क्यांच्या दराने कर १२,५०० नी वाढला. करा हिशेब!

माडावरचे नारळ आपण खालून मोजतो का? पाडेलीला झाडामागे पैसे देऊन वर चढवतो. तयार नारळ कुठला, उंदराने पोखरलेला कुठला, ते त्यालाच दिसतं. मूल्यांककही तसाच जोतं, वासे, वाळवी बघतो. मात्र पाडेलीला नारळामागे पैसे लावलेत, तर कोवळेही खाली येतील! म्हणून फी आधीच एकरकमी ठरवा. आकडा फुगवूनही उपयोग नाही. २०२० च्या दुरुस्तीपासून १ एप्रिल २००१ चा सरकारी मुद्रांक दर हीच वरची मर्यादा आहे.

पुन्हा सांगतो, किंमत आजची नव्हे, २००१ ची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडाली आणि तुम्ही पत्रे घातलेत, तर मूल्यांककाला जुनं घर दिसणार कसं? लग्नामुंजीचे फोटो काढा. नवरदेवामागे ओटी, पडवी, माडी दिसते. घरपट्टीच्या जुन्या पावत्या जोडा. बँकेने कर्जासाठी केलेला अहवाल पुढे करू नका, तो आजच्या किमतीचा असतो.

शेतजमिनीचा हिशेब निराळा. ती नगरपरिषदेच्या हद्दीपासून किती लांब आहे, त्यावर... पण समोरचं घड्याळ खुणावतंय.