माळावरचे मारवेल

माळावर गेलो की मी आधी मारवेल शोधतो. पेरापेराशी पांढऱ्या लवेचे कडे आणि शेंड्याला बोटांसारखे जांभळट तुरे, ही त्याची खूण. काळ्या जमिनीत, बांधावर, ओढ्याकाठी ते चांगले वाढते. हे बहुवर्षायू गवत. उन्हाळ्यात वरून वाळते, पण ठोंब जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा धुमारे फुटतात. त्याची मुळे बांधाची माती धरून ठेवतात. फुलोऱ्यावर येताच कापावे; जनावरे ओले-वाळले दोन्ही आवडीने खातात. उशीर केला, तर काडी निबर होते आणि कस उतरतो.

मी मारवेलच का शोधतो? सतत चराई झाली, की जनावरे आधी मारवेल, पवना अशी चवदार गवतेच संपवतात. मग कुसळी पसरते. तिची कुसळे मेंढ्यांच्या तोंडात रुततात, लोकरीत अडकतात. माळ लांबून हिरवा दिसतो, पण वैरण घटलेली असते.

म्हणून गावाने दर पावसाळ्यात कुरणाचा एक तुकडा, आलटूनपालटून, बी गळेपर्यंत राखावा. पेरणीचा खर्च नाही; ठोंब शिल्लक असेल, तर मारवेल आपणहून परत येते. ठोंबच गेला, तर मात्र बी विकत आणावे लागते.