बर्फातली पडवी



दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादच्या आपल्या मराठी माणसांपैकी काहींनी नोकरीची वर्षं या मैदानी मुलखात काढली आणि उतारवयासाठी डोंगरात छोटं घर बांधलं. कुणाचं मुक्तेश्वरला, कुणाचं मनालीच्या वरच्या अंगाला. घरापुढे, दरीकडे तोंड करून, लाकडी डेक असतो. डेक म्हणजे आपली पडवीच. फरक एवढाच, की कोकणातल्या पडवीवर छप्पर असतं आणि हिच्यावर नुसतं आभाळ. या उघड्या पडवीला बर्फाळ प्रदेशात कसं जपायचं, एवढाच आजचा विषय.

माझा डेक तिसऱ्या हिवाळ्यानंतर गेला. ऑक्टोबरात घर बंद करताना मी त्यावर ताडपत्री घट्ट आवळून बांधली होती. एप्रिलमध्ये ती काढली, तर फळ्या काळ्या पडलेल्या. कडेच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला, तो पिकल्या पपईत जावा तसा मुठीपर्यंत गेला. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ती तुळई बोटांनी चुरली आणि म्हणाले, "साब, बर्फ ने नहीं, आपकी तिरपाल ने मारा है."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. लाकूड कुजवते ती बुरशी. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल, तर बुरशीला बस्तान बसवता येत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास गेली, की तिचं फावतं. कडाक्याच्या थंडीत ती जवळजवळ निजलेली असते. कूज वाढते ती बर्फ वितळताना आणि पुढे पावसाळ्यात, ऊब आणि ओल एकत्र आल्यावर. ताडपत्रीखाली वारा नव्हता, म्हणून तिथली ओल हललीच नाही. पाणी लाकडावरून वाहून गेलं तर फारसं बिघडत नाही. साचून राहिलं, की लाकूड गेलंच म्हणून समजा.

पाणी साचतं कुठे? पहिली जागा फळीचं कापलेलं टोक. झाडाच्या मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात, त्यामुळे टोक पाणी झपाट्याने पितं. दुसरी जागा, डेकची तुळई घराच्या भिंतीला जोडलेली असते तो सांधा. तिसरी जागा, जमिनीत पुरलेला खांब. शिवाय गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. दिवसा चिरेत शिरलेलं पाणी रात्री ती चीर थोडी रुंद करतं आणि दुसऱ्या दिवशी आणखी पाण्याला जागा होते.

पहाडातल्या जुन्या कारागिरांना हे पुरतं ठाऊक होतं. मनालीचं हिडिंबा मंदिर १५५३ सालचं. देवदाराच्या गाभ्यातलं तेल कीड-बुरशीला दाद देत नाही हे खरं, पण मंदिर टिकलं त्याला त्याची उतरती, भिंतींच्या बरीच बाहेर आलेली छपरंही कारण आहेत. काठकुणी पद्धतीच्या घरांत दगड आणि देवदाराच्या तुळया आळीपाळीने रचतात. खाली जोतं दगडाचं असतं, लाकूड ओल्या मातीला टेकत नाही. आपल्या डेकचे खांबही असेच दगडी किंवा काँक्रीटच्या उंच पायावर, लोखंडी बुटात उभे हवेत.

लाकूड टिकवणाऱ्या रसायनांची गोष्टही हिमालयाच्या पायथ्याचीच आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ च्या सुमारास तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं लाकूडरक्षक मिश्रण तयार केलं. पुढे ते जगभर वापरलं गेलं. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे अमेरिकेत २००३ अखेर घरगुती कामांतून ते बहुतांशी बाद झालं. तुमच्या डेकला हे मिश्रण मुरवलेलं लाकूड असेल, तर त्याचे तुकडे बुखारीत, म्हणजे खोली उबवणाऱ्या शेगडीत, कधीही जाळू नका आणि मास्कशिवाय घासू नका. तांबं असलेल्या लाकडात साधे खिळे लवकर गंजतात. तिथे जस्ताचा जाड थर दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू वापरा.

आता दिल्लीकरांची एक खास चूक सांगतो. आपण मे महिन्यात कीर्तिनगरच्या बाजारातून लाकूड घेतो आणि वर नेऊन लगेच ठोकतो. दिल्लीच्या उन्हाळ्यात वाळलेली सहा इंची फळी डोंगरातल्या पावसाळ्यात रुंदीत चार-पाच मिलिमीटर फुगू शकते. फट ठेवली नसेल, तर फळ्या एकमेकींना ढकलून उचलल्या जातात. लाकूड काही आठवडे तिथल्याच हवेत, आडोशाला, फळ्यांमध्ये काड्या ठेवून मुरू द्या. मग पाच-सहा मिलिमीटर फट ठेवून बसवा.

बर्फाचं वजनही लक्षात घ्या. दहा चौरस मीटरच्या डेकवर फूटभर ताजं भुसभुशीत बर्फ साधारण ३०० किलो भरतं. तेच दबून ओलं झालं, की तेवढ्याच जाडीचा थर टनाच्या घरात जातो. त्यात पत्र्याच्या छपरावरून घसरलेला ढीग एकदम डेकवर आदळतो. भिंतीचा सांधा खिळ्यांवर सोडू नका, आरपार बोल्ट हवेत. बर्फ काढायला प्लास्टिकचं फावडं घ्या, फळीच्या लांबीच्या दिशेने ओढा आणि शेवटचा पातळ थर तसाच राहू द्या. मीठ मात्र टाकू नका, ते स्क्रू खातं.

वर्षाचं काम दोन फेऱ्यांचं आहे. ऑक्टोबरात फटींतली पिरुळं, म्हणजे चिडाच्या सुया, काढा, कुंड्या आणि पायपुसणी उचला, कोरड्या लाकडाला तेल द्या, टोकांना दोनदा. वर जाड रंगाचा थर चढवू नका. तो तडकतो आणि तड्यांतून शिरलेलं पाणी आत कोंडतं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा. एप्रिलमध्ये प्रत्येक सांधा टोचून पाहा. कुजका भाग सापडला, तर पुट्टीने बुजवू नका, पुट्टी ओल डांबून ठेवते. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा आणि नवा तुकडा जोडा. तुळई कमजोर असेल, तर शेजारी दुसरी बोल्टने आवळा.

शेवटी एक विनंती. बंद घर हिवाळाभर एकटं पडतं. गावातल्या एखाद्या मिस्त्रीला किल्ली द्या आणि महिन्याची ठरलेली मजुरी द्या. त्याला त्या लाकडाची जेवढी जाण आहे, तेवढी आपल्याला दिल्लीत बसून येणार नाही. आणि या एप्रिलमध्ये कुलूप उघडलंत, की चहा ठेवण्याआधी स्क्रूड्रायव्हर घेऊन डेकच्या खाली वाका. कूज वरून बऱ्याचदा दिसत नाही.