कर्ज असणं आणि कर्ज लपवणं

‘डोक्यावर कर्ज असलं की गुप्त कागद हाताळायची परवानगी जाते का?’ असं तरुण मुलं विचारतात.

गृहकर्ज कुणाला नसतं? मलाही होतं. भीती वेगळी आहे. अमेरिकेच्या सीआयएतला आल्ड्रिच एम्स घटस्फोटाच्या सुमारास कर्जात रुतला. १९८५ मध्ये सोव्हिएत वकिलातीत जाऊन त्यानं ५० हजार डॉलरसाठी गुपितं विकली. १९९४ मध्ये तो पकडला गेला, तोवर कित्येकांचे जीव गेले होते. म्हणून चौकशीत पैशाची ओढाताण बघतात.

आपल्याकडे केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४ च्या आचरण नियमांत नियम १७ आहे. वसुलीचा दावा लागला की लगेच सरकारला कळवायचं. कर्ज उधळपट्टीमुळे नव्हे, आवाक्याबाहेरच्या कारणामुळे झालं, हे सिद्ध करायचं तुम्हीच. तेव्हा दवाखान्याची बिलं जपून ठेवा.

लष्कराचे नियम वेगळे, पण गोष्ट तीच. माझ्या युनिटमधल्या एका क्लार्कनं बहिणीच्या लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलले होते. मला कळलं ते सावकाराच्या फोनवरून. मी त्याला गोपनीय टेबलावरून हलवलं. रडला बिचारा. म्हणाला, “साहेब, कर्जच तर आहे!” मी म्हटलं, “अरे, ते माझ्याआधी सावकाराला माहीत होतं.”