मंडळाचा हॉल शनिवारी उघडा ठेवू या
(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



वर्गणी आणि मांडवाचे विषय संपले. आता दहा मिनिटे आम्ही मागून घेतली आहेत. विषय आहे तरुण आई-बापांना हात देण्याचा.

दांडियाबाजारच्या वाड्यांत कुठलेही मूल एकट्या आईने वाढवले नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाचे न्हाऊमाखू, प्रत्येक गोष्टीला कोणी ना कोणी काकू-मावशी असायची. (सगळेच सल्ले बरोबर होते असे नव्हे. तान्ह्याला मध चाटवायची आपली हौस. वर्षाच्या आत डॉक्टर त्याला साफ मना करतात.) आता तीच कुटुंबे मांजलपूर, गोत्रीच्या फ्लॅटांत आहेत. नवरा शिफ्टला, सासू-सासरे थोरल्याकडे पुण्याला, आणि सून चार महिन्यांचे बाळ घेऊन दिवसभर एकटी. रडू का येते ते तिलाही सांगता येत नाही. आणि आपण म्हणतो, "आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं!"

होती. कोणी विचारत नव्हते, एवढेच. बाळंतपणानंतरची अशी उदासी लांबली तर तो आजार असतो, त्यावर उपचार असतो. पण तो ओळखायला जवळ माणूस लागते.

आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत आहोत, तेव्हा सरकार काहीच करत नाही असे आमच्या तोंडून येणार नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. अंगणवाडीच्या सहा सेवांत आयांना आरोग्य-पोषणाचे शिक्षण देणे ही एक सेवा पहिल्यापासून आहे. आपल्याला मात्र अंगणवाडी म्हटले की बालशक्तीचे पाकीट तेवढे आठवते. शिवाय ममता दिवस भरतो कामाच्या वेळेत. बाप येत नाही, धुण्याभांड्याची बाई खाडा करू शकत नाही, आणि आपली सून "ते आपल्यासाठी नसते" म्हणून जात नाही. समुपदेशकाची फी परवडणारे वेगळे. मधले सगळे तसेच राहतात.

ताराबाई मोडकांपुढे बोर्डी-कोसबाडला असाच पेच होता. आदिवासी पोरे शाळेत येईनात. गुरे राखायची, धाकटी भावंडे सांभाळायची. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. त्याआधी ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या. गिजुभाईंनी पालकांसाठी पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'मा-बाप थवुं आकरुं छे'. आई-बाप होणे अवघड, हे त्या मिशाळ माणसाने तेव्हाच कबूल केले. आपल्याला अजून लाज वाटते. पालकांचा वर्ग म्हटले की पहिला प्रश्न, "का हो, आमच्या मुलात काय कमी आहे?"

महाराज सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण केले, मुलाला न पाठवणाऱ्या बापाला दंड ठेवला. दंडाने मूल शाळेत येते. बापाला अशा बैठकीला आणायचे तर दंड चालणार नाही. चहा लागेल, आणि सोयीची वेळ.

म्हणून आमची सूचना. हॉल शनिवारी संध्याकाळी सात ते साडेआठ रिकामाच असतो, तो उघडावा. महिन्यातून एकदा आपल्यातले बालरोगतज्ज्ञ बसतील. विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत मानवविकासाचा विभाग आहे, तिथल्या विद्यार्थिनींना आपण रीतसर पत्र देऊ. बाकीचे शनिवार नुसते बोलायचे. आजी-आजोबांनी मुलांना खेळवायचे, म्हणजे आई-बापांना निवांत बसता येईल. उपदेश कमी, ऐकणे जास्त.

आता वादाचा मुद्दा. कार्यकारिणीत विचारले गेले, मराठी मंडळाचा हॉल, मग वॉचमनच्या आणि कामवाल्या बाईच्या कुटुंबाला कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. आपले बाळ दिवसातले सहा तास त्याच बाईच्या कडेवर असते. आणि आपल्या निम्म्या सुना गुजराती आहेत. बैठकीत गुजराती, हिंदी चालेलच. दार सगळ्यांना उघडे नसेल, तर हा खर्च मंडळाने करू नये असे आमचे मत आहे.

खर्च म्हणजे चहा, सतरंज्या आणि दोन पंख्यांचे बिल. विसर्जनानंतरच्या पहिल्या शनिवारी सुरुवात करायची तर मंजुरी आजच हवी. किल्ली आम्ही सांभाळू. ज्या आजोबांना मुले खेळवायची असतील त्यांनी जाताना चिटणीसांच्या वहीत नाव लिहावे.