वाऱ्यात उभा राहील ना?

तंबू विकत घ्यायला निघालेला माणूस दुकानात ठरलेले दोन प्रश्न विचारतो. ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ आणि ‘किती माणसं मावतात?’ या दोन्हींची उत्तरं तंबूच्या पिशवीवर छापलेलीच असतात. खरा महत्त्वाचा प्रश्न तिसरा, आणि तोच नेमका राहून जातो. ‘वाऱ्यात उभा राहील ना?’

गेली वीस-पंचवीस वर्षं मी मुलामुलींच्या गटांबरोबर सह्याद्रीत आणि अधूनमधून हिमालयात हिंडतो आहे. गळणारे तंबू पुष्कळ पाहिले. गळक्या तंबूत रात्र वाईट जाते, पण निभते. मोडलेल्या तंबूत मात्र ती निभेलच असं सांगता येत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर जोर नऊपट. म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या वाऱ्यात ऐटीत उभा असलेला तंबू ताशी साठच्या वाऱ्यात नऊपट मार खात असतो. सोसायटीच्या अंगणात लावून पाहिलेल्या तंबूची ही परीक्षा झालेलीच नसते.

हिमालयातला एक प्रसंग सांगतो. जून महिना होता, उंची साधारण साडेतीन हजार मीटर. दुपारपर्यंत लख्ख ऊन होतं. संध्याकाळी ढग आले, आधी गारा आणि मग भणाण वारा. आमच्या शेजारी दुसऱ्या एका गटाचा मुक्काम होता. त्यांच्या तंबूची एक काठी मोडली, मोडक्या टोकानं कापड फाटलं आणि पाच मिनिटांत आतल्या स्लीपिंग बॅगा भिजून चिंब झाल्या. त्यातल्या दोन मुली आमच्या दोन माणसांच्या तंबूत आल्या. एक कुडकुडत होती. दुसरीचं कुडकुडणं थांबलं होतं आणि ती काहीतरी असंबद्ध बोलत होती. मंडळी, थंडीत भिजलेल्या माणसाचं कुडकुडणं असं थांबलं, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि तो वाढत चालल्याची ही खूण असते. ओले कपडे उतरवले, कोरडे चढवले, तिला मधे घेऊन आम्ही चौघं सकाळपर्यंत बसून राहिलो. ती सुखरूप घरी पोचली. त्या रात्री आमच्यात आणि त्यांच्यात फरक होता तो काठ्यांचा आणि दोऱ्यांचा.

म्हणून तंबू पाहताना आधी काठ्या पाहा. स्वस्त तंबूत फायबरग्लासच्या काठ्या असतात. जोर जास्त झाला की त्या उभ्या चिरतात, कुसं निघतात. चांगल्या अ‍ॅल्युमिनियमची काठी बहुतेक वेळा आधी वाकते, म्हणजे सावरायला थोडा वेळ देते. काठ्या एकमेकींना किती ठिकाणी छेदतात तेही मोजा. जितके छेद जास्त, तितका सांगाडा घट्ट. उंच, सरळ भिंतींचा तंबू आत उभं राहायला सुखाचा, पण वाऱ्यापुढे तो शिडासारखा फुगतो. बुटका, उतरत्या बाजूंचा घुमटाकार तंबू वाऱ्याला वाट करून देतो.

मग तणावे पाहा. तणावे म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या. बाहेरच्या कापडाला मध्यउंचीवर तणावे बांधायच्या कड्या आहेत का, आणि त्या आतल्या काठीशी जोडलेल्या आहेत का, हे हात लावून बघा. नुसत्या कापडाला शिवलेली कडी वाऱ्यात उसवते. पुष्कळ जण तणावे पिशवीतून बाहेरच काढत नाहीत. निरभ्र संध्याकाळ असली तरी ते बांधावेत. रात्री दोन वाजता, पावसात, हाताला खुंटी सापडत नाही.

आपल्याकडे जमीनही सारखी नाही. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर खुंटी शिरत नाही, घाटमाथ्यावरच्या कातळावरही नाही. समुद्रकाठच्या वाळूत शिरते, पण टिकत नाही. म्हणून खुंट्यांशिवायही आपल्या पायांवर उभा राहणारा तंबू घ्यावा. कातळावर तणावे मोठ्या दगडांना बांधावेत. वाळूत पिशव्या वाळूनं भरून पुराव्यात आणि तणावे त्यांना बांधावेत.

आता पावसाबद्दल. कापडावर १५००, ३००० असे आकडे दिलेले असतात. ३००० याचा अर्थ तीन हजार मिलिमीटर, म्हणजे तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड पाझरू न देता पेलतं. तळाच्या कापडाचा आकडा वरच्यापेक्षा मोठा असलेला बरा, कारण त्यावर आपण गुडघे टेकतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पाणी बहुधा शिवणीतून येतं. शिवणींवर आतून टेप चिकटवलेली आहे का ते पाहा. बाहेरचं कापड जमिनीजवळपर्यंत यायला हवं. टोपीसारखं वरच्या वर बसलेलं असेल तर वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस थेट आत. खाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नये. ते पाणी झेलतं आणि आपल्याच पाठीखाली आणून सोडतं.

कधी कधी पाऊस नसतानाही सकाळी तंबू आतून ओला असतो. ‘गळतोय’ म्हणून लोक तक्रार करतात. तो आपलाच श्वास असतो. दोन माणसं रात्रभरात श्वासावाटे आणि त्वचेवाटे जवळजवळ अर्धा लिटर पाणी बाहेर टाकतात. म्हणून आत जाळीचा आणि बाहेर कापडाचा, असा दुपदरी तंबू आणि वरच्या बाजूला झरोके हवेत. थंडी वाजते म्हणून झरोके बंद करू नयेत. आणि तंबूच्या आत स्टोव्ह किंवा शेगडी कधीही पेटवू नये. आगीचं भय तर आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

तंबूंवर ‘थ्री सीझन’, ‘फोर सीझन’ असंही लिहिलेलं असतं. हे ऋतू पाश्चात्त्यांचे. त्यांचा चौथा ऋतू म्हणजे बर्फाचा हिवाळा. आपला पावसाळा त्या हिशेबात धरलेलाच नाही! ‘फोर सीझन’ तंबू बर्फाचं ओझं पेलतो, पण तो जड असतो आणि सह्याद्रीत आत गुदमरायला होतं. आपल्या दिवाळी ते वळवापर्यंतच्या भटकंतीला आणि हिमालयातल्या उन्हाळी पदभ्रमणाला अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्यांचा, दुपदरी, मजबूत ‘थ्री सीझन’ तंबू पुरतो. आषाढातल्या घाटमाथ्यावर मात्र तंबूचा हट्ट नको. गावातलं देऊळ किंवा एखाद्या घराची पडवी बरी. आणि माणसांचा छापील आकडा खांद्याला खांदा लावून मोजलेला असतो. सामान आत ठेवायचं तर दोघांनी तिघांचा तंबू घ्यावा.

तंबू किती मोलाचा असतो, याची एक जुनी हकिगत आहे. जुलै १९११, अंटार्क्टिकातला काळोखा हिवाळा. विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेले होते. वादळानं त्यांचा तंबू उडवून नेला. तळ होता सुमारे शंभर किलोमीटरवर, आणि तंबूवाचून परतणं म्हणजे मरण, हे तिघांनाही कळत होतं. वादळ ओसरल्यावर तो उतारावर खाली, जवळजवळ शाबूत सापडला. परतीच्या वाटेवर बॉवर्सनं तंबूला एक दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक आपल्या स्लीपिंग बॅगेला. आता गेला तर मलाही घेऊनच जाईल, असा त्याचा हिशेब!

आपल्याला तितकं करावं लागणार नाही. पण ‘खुंटा हलवून बळकट करावा’ असं आपल्याकडे म्हणतात, तेवढं जरूर करावं. नवा तंबू घरी आणला की मैदानात लावा. सगळे तणावे ताणा, चारही बाजूंनी हलवून बघा, वरून चार बादल्या पाणी ओता. मग एकदा अंधारात लावा, एकदा वाऱ्याच्या दिवशी लावा. सहलीहून परतल्यावर सावलीत पूर्ण वाळवूनच घडी घाला, कारण दमट घडीत आतला लेप चिकट होऊन सुटतो. आणि मुलगा-मुलगी शिबिराला निघाली, तर संयोजकांना जेवणाबद्दल विचारता तसं तंबूंबद्दलही विचारा. काठ्या कसल्या आहेत? तणावे रोज बांधता का? ज्याला उत्तर ठाऊक आहे, तो या प्रश्नांनी रागावत नाही.